तिसऱ्या बाजाराला पिल्लं: घरी अंडी उबवताना आत नेमकं काय घडतं

जुलैमध्ये करवीर तालुक्यातल्या माझ्या मावसबहिणीचा रात्री फोन आला. पिल्लं एकवीस दिवसांत निघायला हवीत; तिचे बावीस दिवस पुरे झाले होते, उबवणी यंत्रात अठरा अंडी होती आणि एकही फुटलं नव्हतं. दोन अंडी टिचली होती, आतून बारीक आवाज येत होता, पण पहाटेपर्यंत तोही थांबला. दुसऱ्या दिवशी मी गेले. परसात बसून आम्ही दोघींनी एकेक अंडं फोडून बघितलं. तीन रिकामी निघाली. दोन पहिल्याच आठवड्यात गेलेली. उरलेल्या तेरांमध्ये पूर्ण वाढलेली पिल्लं होती. डोळे, नखं, चोच, पिसं सगळं जागच्या जागी, आणि सगळी ओलीचिंब, फुगलेली, मेलेली.

त्याच आठवड्यात त्याच घराच्या गोठ्यात तिच्या सासूबाईंनी बसवलेल्या खुडूक कोंबडीखाली अकरातली नऊ पिल्लं निघाली होती. पाऊस तोच, कोंबडा तोच, अंडीही त्याच कोंबड्यांची.

सासूबाईंनी यंत्राच्या तळाचा पाण्याचा ट्रे बघितला आणि म्हणाल्या, "अगं, भाईर एवढा पाऊस लागलाय आणि तू आत बी पाणी भरलीस व्हय?"

यंत्राबरोबर आलेल्या पत्रकात लिहिलं होतं, पाण्याचा कप्पा कायम भरलेला ठेवा. बहिणीने तो इमानेइतबारे भरला होता. तिची चूक एवढीच की ते पाणी कशासाठी असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगावं म्हणून हा लेख.

अंडं श्वास घेतं आणि सुकतं

अंड्याचं कवच हाताला घट्ट लागतं, पण त्याला हजारो सूक्ष्म भोकं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पाण्याची वाफही सतत बाहेर जात राहते. म्हणजे उबेला ठेवलेलं अंडं रोज थोडं हलकं होत असतं.

कोंबडी अंडं घालते तेव्हा ते तिच्या अंगाइतकं गरम असतं. बाहेर पडून गार झालं की आतला ऐवज आक्रसतो आणि बोथट टोकाकडे कवचाच्या आतले दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. त्यांच्यामध्ये हवेची छोटी पोकळी तयार होते. उकडलेलं अंडं सोलताना बोथट बाजूला खळगा दिसतो ना, ती हीच. पुढच्या तीन आठवड्यांत पाणी उडत जातं तसतशी ही पोकळी मोठी होत जाते.

तिचं काम लागतं शेवटी. पहिले एकोणीस-वीस दिवस पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेतच नाही. कवचाच्या आतून अस्तरासारखं पसरलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं भोकांतून आलेली हवा उचलतं आणि पिल्लापर्यंत पोहोचवतं. विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू चोचीने पापुद्रा फोडून चोच पोकळीत घालतं आणि आयुष्यातला पहिला श्वास तिथल्या हवेचा घेतं. त्या चमचाभर हवेवर ते काही तास काढतं, अंगात बळ आणतं आणि मग कवच टिचवतं.

अंड्यातलं पाणी पुरेसं उडालं नसेल तर पोकळी लहान राहते. हवा कमी पडते, पिल्लू पाण्याने फुगलेलं असतं, त्याला आत फिरायला जागा उरत नाही आणि उरलेला ओलावा नाकातोंडात जातो. बहिणीची तेरा पिल्लं कवचाच्या आत बुडून मेली.

उलटंही होतं. अंडं फार सुकलं तर आतला पापुद्रा चिवट होऊन पिल्लाला चिकटतो. ते कवच टिचवतं, पण कागदात घट्ट गुंडाळल्यासारखं तिथेच अडकतं. म्हणून अंडं सुकलं पाहिजे, आणि बेताने सुकलं पाहिजे. कोंबडीच्या अंड्याचं वजन पहिल्या अठरा दिवसांत साधारण १२ ते १३ टक्क्यांनी उतरावं. या लेखातला एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

हिशेब वजनकाट्यावर

हा आकडा घरी मोजता येतो. गुजरीतल्या सराफाकडे असतो तसा, पण साधा, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. स्वयंपाकघरातलाही चालेल.

समजा गावरान कोंबडीची दहा अंडी आहेत, प्रत्येकी ४५ ग्रॅमची. एकूण ४५० ग्रॅम. त्याचे १२ टक्के म्हणजे ५४ ग्रॅम. अठरा दिवसांत ५४, म्हणजे रोज ३ ग्रॅम. सातव्या दिवशी सगळी अंडी मिळून ४२९ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजेत. काटा ४३८ दाखवत असेल तर अंडी सुकत नाहीयेत: पाणी काढून टाका, यंत्राची हवेची भोकं उघडा. ४१५ दाखवत असेल तर जास्त सुकतायत: पाणी वाढवा. चौदाव्या दिवशी पुन्हा बघा, ४०८ च्या आसपास यायला हवं. मधल्या काळात चूक झाली असेल तर उरलेल्या दिवसांत ती भरून काढता येते, आणि वजन करण्याचा खरा फायदा हाच. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने त्याचं पहिलं वजन लिहून ठेवा, म्हणजे मधेच एखादं काढावं लागलं तरी हिशेब बिघडत नाही.

कळशी आणि घागर

मग पत्रकातला आकडा कोल्हापुरात का फसतो? पत्रकं सांगतात, पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवा. आकडे बरोबर आहेत. गोंधळ होतो तो "टक्के" या शब्दाचा.

गार हवा म्हणजे कळशी आणि गरम हवा म्हणजे घागर असं समजा. हवा जितकी गरम, तितकी ती जास्त वाफ पोटात घेऊ शकते. भरलेली कळशी घागरीत ओतली तर घागर निम्मीसुद्धा भरत नाही. पाणी तेवढंच, भांडं मोठं झालं. आर्द्रतेचे टक्के म्हणजे भांडं किती भरलंय त्याचं माप.

जुलैत बाहेर २४ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली, तर पाण्याचा थेंब न घालता आत ४० टक्क्यांच्या थोडं वर आर्द्रता राहते. त्यात अंड्यांतून निघणाऱ्या वाफेची भर. म्हणजे ऐन पावसात बऱ्याच वेळा कोरडं यंत्रच पुरतं, फार तर एखादी लहान वाटी. मार्चच्या दुपारी मात्र बाहेर ३६ अंश आणि २० टक्के असतील तर आत १८ टक्के उरतात. तेव्हा पाणी न घालणं म्हणजे अंडी भाजून काढणं. गंमत अशी की जानेवारीतली कडाक्याच्या थंडीची हवाही आत गेल्यावर तितकीच कोरडी होते, कारण कळशी मुळातच लहान होती. हिवाळ्यात हवा गार आणि ओलसर वाटते म्हणून पाणी कमी घालणारे पुष्कळ लोक मी बघितलेत.

गगनबावड्यातला पावसाळा आणि शिरोळकडचा पावसाळा यांतही मोठा फरक आहे. म्हणून "किती वाट्या पाणी घालू?" या प्रश्नाला फोनवर उत्तर देता येत नाही. काटा देतो.

अजून दोन गोष्टी. किती वाफ निघेल ते पाणी किती पसरलंय त्यावर ठरतं, किती खोल आहे त्यावर नाही. खोल वाटी काठोकाठ भरण्यापेक्षा पसरट ताटलीत बोटभर पाणी जास्त ओलावा देतं. आणि आर्द्रता दाखवणारे स्वस्त मीटर बरेचदा चुकतात. तपासायचं तर बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यावर चिखल होईल एवढंच पाणी टाका आणि ते बूच मीटरसह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, कारण ओल्या मिठाचा तो गुणच आहे. मीटर ६८ दाखवत असेल तर तो सात कमी दाखवतो, एवढं लिहून ठेवायचं.

ऊब

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर गरम हवा वर चढते आणि तळ गार राहतो, म्हणून तापमान अंड्यांच्या वरच्या पातळीला मोजायचं आणि ३८.३ ते ३८.८ पर्यंत ठेवायचं. हा फरक माहीत नसल्यामुळे थर्माकोलच्या घरगुती पेट्यांत कितीतरी अंडी वाया जातात. उद्यमनगरात कुणाकडून पेटी बनवून घेतली तरी पहिला प्रश्न हाच विचारा: आत पंखा आहे का, आणि तापमान मोजणारी वायर कुठे लटकते आहे?

यंत्राच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर प्रत्येक घरात असतो, आणि तो नेमका याच तापमानासाठी केलेला असतो. अंडी ठेवण्याआधी तो आत ठेवून दोन्ही आकडे जुळवा. अर्धा अंश फरकसुद्धा एकवीस दिवसांत दिसतो: यंत्र जरा गरम असेल तर पिल्लं विसाव्या दिवशीच घाईने निघतात आणि बेंबी नीट मिटलेली नसते, जरा थंड असेल तर बाविसावा-तेविसावा दिवस उजाडतो आणि पिल्लं मोठ्या पोटाची, सुस्त निघतात.

थर्मामीटर नसतानाही माणसांनी हे काम केलंय. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळ मातीच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी उबवत आले आहेत. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. पापणीची कातडी पातळ असते, तिला लगेच कळतं.

लाईट गेली की लोक घाबरतात, पण अंडी गारठ्यापेक्षा उष्णतेला जास्त भितात. कोंबडीसुद्धा रोज पंधरा-वीस मिनिटं उठून जाते आणि तेवढ्यात अंडी थोडी निवतात. तास-अर्ध्या तासासाठी काहीच करू नका, फक्त झाकण उघडू नका. राधानगरी-शाहूवाडीच्या बाजूला पावसात लाईट तासन्‌तास जाते. तिथे यंत्रावर वाकळ टाका, पण हवेची भोकं मोकळी ठेवा, आणि आत कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवा. शेवटच्या आठवड्यातली अंडी स्वतः उष्णता निर्माण करतात, त्यामुळे ती जास्त वेळ ऊब धरतात. त्यांना हवाही जास्त लागते. उलट यंत्र बिघडून तापमान दोन-तीन अंशांनी चढलं आणि काही तास तसंच राहिलं तर सगळी अंडी जातात. म्हणून उन्हाळ्यात यंत्र पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. घरातली सगळ्यांत गार, सगळ्यांत स्थिर खोली निवडा. खिडकीतून ऊन येणारी जागाही नको.

फिरवणं

कोंबडी बसल्या जागी चोचीने अंडी दिवसभर उलटसुलट करत असते. पिवळा बलक हलका असतो, तो वर तरंगत येतो. त्याच्यावर वाढणारा जीव एकाच बाजूला राहिला तर पापुद्र्याला चिकटतो. शिवाय फिरवल्यामुळे रक्तवाहिन्यांचं ते अस्तर कवचभर नीट पसरतं. हाताने फिरवणार असाल तर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढा, पेन्सिलीने, मार्करने नको. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा अशासाठी की रात्रीची लांब पाळी एका दिवशी फुलीवर आणि दुसऱ्या दिवशी गोळ्यावर पडावी. अठराव्या दिवशी थांबायचं.

अंडी कुठली आणि किती शिळी

दुकानातली पांढरी अंडी उबवून काही होत नाही. त्या फार्मवर कोंबडाच नसतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तंदुरुस्त कोंबडा हवा. एकदा कोंबडा लागल्यावर कोंबडी आठवडाभर, कधी दोन आठवडे फळलेली अंडी देत राहते, म्हणून जातिवंत वाण हवा असेल तर जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे थांबा.

घातलेल्या अंड्यात जीव थांबलेला असतो, मेलेला नसतो. थंड राहिला तर थांबतो, ऊब मिळाली तर वाढू लागतो. अडचण मधल्या तापमानाची. एप्रिल-मेमध्ये घरात ३२-३३ अंश असतात. त्यात जीव धड थांबत नाही, धड वाढत नाही, आणि दुबळा होऊन मरतो. १५ ते १८ अंश ही साठवणीची आदर्श जागा, आणि एक आठवडा ही मर्यादा. फ्रिज मात्र नको, तो फार गार. जुन्या बायका अंडी ज्वारीत पुरून ठेवत, ते बरंच शहाणपणाचं होतं: दाण्यांमुळे तापमान पटकन बदलत नाही, धक्का लागत नाही. उन्हाळ्यात मी ओल्या वाळूवर मडकं ठेवून त्यात अंडी ठेवते आणि तीन-चार दिवसांत उबेला लावते. बोथट टोक वर. गारगोटीहून एसटीने किंवा घाटातून मोटारसायकलवर आणलेली अंडी आल्या आल्या यंत्रात घालू नका. दिवसभर बोथट टोक वर करून ठेवा, हवेची पोकळी हललेली असते ती जागेवर येते.

अंडी धुवू नका. कवचावर एक नैसर्गिक साय असते, ती भोकं झाकून जंतू बाहेर ठेवते. धुतली की गेली. फार घाणेरडं अंडं असेल तर ते खाण्याला ठेवा.

बॅटरीच्या उजेडात

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या बॅटरीवर बोथट टोक धरा. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसतो. हृदय तर दुसऱ्याच दिवशी धडधडायला लागलेलं असतं. नुसता पिवळसर उजेड म्हणजे फळलेलं नाही. लाल कडं दिसलं तर सुरू होऊन मेलेलं. ही दोन्ही काढून टाका, नाहीतर कुजून फुटतात आणि तो वास आठवडाभर जात नाही. पहिल्यांदा त्या शिरा बघितल्या तेव्हा मी बराच वेळ अंडं हातात धरून बसले होते. मुलांना हे जरूर दाखवा, एखादं मिनिट दाखवून परत ठेवा.

शेवटचे तीन दिवस

अठरावा दिवस संपला की फिरवणं बंद, पाणी वाढवायचं, हवेची भोकं पूर्ण उघडायची आणि झाकण बंद. आधी सुकू द्यायचं आणि आता ओलावा वाढवायचा, हे लोकांना उलटं वाटतं. पण कवच टिचल्यावर आतला पापुद्रा उघड्यावर येतो, आणि कोरड्या हवेत तो तासाभरात चिवट होतो. तो मऊ राहावा म्हणून हे पाणी. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघणाऱ्याची पिल्लं याच कारणाने अडकतात.

टिचल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. मधे तासन्‌तास काहीच हालचाल दिसत नाही आणि आपला जीव टांगणीला लागतो. त्या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या अस्तरातलं रक्त अंगात परत घेत असतं. आपण मदत म्हणून कवच सोललं तर त्या भरलेल्या शिरा फाटतात. मी एकदा सोललं होतं. पिल्लू माझ्या हातात रक्ताळून गेलं. त्यानंतर चोवीस तास होईपर्यंत मी हात लावत नाही.

पोटात ओढून घेतलेला बलक पुढचे दोन-तीन दिवस पुरतो. लांबून खोक्यातून आलेली एक दिवसाची पिल्लं दाणापाण्याशिवाय जगतात ती त्यामुळेच. म्हणून पहिलं पिल्लू निघालं की घाईने बाहेर काढू नका. सुकून, फुलून येऊ द्या. त्याच्या आवाजाने बाकीच्यांनाही हुरूप येतो. आतली पिल्लं एकमेकांना ऐकतात आणि त्यामुळे सगळी जवळपास एकदम निघतात.

खुडूक कोंबडी

आता गोठ्यातल्या त्या कोंबडीकडे. तिला ना मीटर, ना काटा. तरी अकरातली नऊ.

खुडूक होणं म्हणजे तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढणं. तिची अंडी बंद होतात, ती खोपा सोडत नाही, हात नेला की पिसं फुलवून चोच मारते आणि दिवसभर खुडखुडते. पोटाची पिसं गळतात आणि तिथली उघडी कातडी थेट अंड्यांना टेकते. ती पेंढ्यावर बसलेली असते; अंड्यांतून निघणारी वाफ पेंढ्यातून, पिसांतून निघून जाते. तिच्या अंगाने गरम झालेली पावसाळी हवासुद्धा घागरीच्या मापाने अर्धीच भरलेली असते. ती कुठेही पाण्याचा ट्रे भरून ठेवत नाही, त्यामुळे बुडवण्याची सोयच तिच्याकडे नाही.

खुडूक कोंबडी महिना-दीड महिना अंडी देत नाही, म्हणून अंड्यांसाठी वाढवलेल्या लेगहॉर्नसारख्या जातींमधून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळपास काढून टाकला गेला. गिरिराज, वनराज घेणाऱ्यांचाही अनुभव तोच: अंडी चांगली, पण बसायचं नाव नाही. कडकनाथसुद्धा फारशी बसत नाही. आमच्या भागात ही अंडी गावरान कोंबडीखाली घालतात, आणि मला तो उत्तम मार्ग वाटतो. गावरान कोंबडी कमी अंडी देते म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब धरलेला नसतो.

तिला बसवायचं ते रात्री. आधी दोन-तीन दिवस खराब अंड्यांवर बसू द्या, पक्की बसतेय याची खात्री करा, मग अंधारात तिला हलवा आणि चांगली अंडी पोटाखाली सारा. गावरान अंडी दहा-बारा, मोठी असतील तर आठ-नऊ. बाजूने एकही अंडं उघडं दिसता कामा नये. जे उघडं दिसतं ते रोज वेगळं असतं आणि शेवटी सगळीच थोडी थोडी गारठतात. अंड्यांवर खूण करा, कारण दुसऱ्या कोंबड्या तिच्या खोप्यात अंडं घालून जातात. जवळ ज्वारी, मका आणि पाणी ठेवा, आणि लोळायला राख मिसळलेली माती. उवा झाल्या की चांगली बसलेली कोंबडीही उठून जाते. खोपा मांजर, मुंगूस, घूस आणि साप यांच्यापासून सांभाळा. रात्री वरून डालगं आणि डालग्यावर दगड.

दिवस मोजायला सासूबाई बोटं मोडत नाहीत. "ह्या बाजाराला बसवली, तिसऱ्या बाजाराला पिल्लं," एवढंच. एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, वार तोच येतो. बदकाची अंडी चौथ्या बाजाराला, अठ्ठावीस दिवसांनी. बटेर सतरा-अठरा दिवसांत.

दोन समजुतींबद्दल लोक मला हमखास विचारतात. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते का? नाही. पक्ष्यांमध्ये नर की मादी हे आईकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं, आणि कवच त्यानंतर चढतं. कवचाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. दुसरी, विजेच्या गडगडाटाने अंडी मरतात म्हणून खोप्यात लोखंडाचा खिळा ठेवणं. खिळ्याने नुकसान काही नाही, ठेवणाऱ्या आजीला हसू नका. पण वळवाच्या दिवसांत अंडी जातात ती मुख्यतः साठवणीतल्या उकाड्याने, कोंबडी दचकून उठल्याने आणि हवेचा ओलावा एका दिवसात पालटल्याने, असं माझं निरीक्षण आहे. खिळा ठेवाच, पण अंडीही ताजी ठेवा.

दोघांची सांगड

माझ्या मते कोल्हापूरच्या हवेत सगळ्यांत भरवशाची पद्धत म्हणजे यंत्र आणि कोंबडी दोन्ही. यंत्रात जास्तीची अंडी लावायची, त्याच दिवशी कोंबडीही बसवायची. सातव्या दिवशी दोन्हीकडची अंडी बॅटरीवर तपासायची आणि कोंबडीखालची रिकामी काढून तिथे यंत्रातली जिवंत अंडी घालायची. एकविसाव्या रात्री यंत्रात निघालेली पिल्लं अंधारात तिच्या पंखाखाली सारायची. एक-दोन दिवसांच्या आतलं पिल्लू ती स्वतःचं म्हणून घेते. उशीर झाला तर टोचून हाकलते. तिच्याकडे गेलेल्या पिल्लांना बल्ब लागत नाही, आणि घार आली की ती एका आवाजात सगळ्यांना पोटाखाली घेते.

कोंबडी नसेल तर खोक्यात बल्ब लावून पहिला आठवडा ३५ अंशांच्या आसपास ऊब आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा: एकावर एक चढून बसली तर थंडी वाजतेय, बल्बपासून दूर पांगून धापा टाकत असतील तर उकडतंय. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात, पोतं अंथरा. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ, मग पिल्लांचं खाद्य किंवा मक्याचा बारीक भरडा आणि कणी. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस डोळ्यात एक थेंब. ही चुकवू नका. एकवीस दिवस जपलेली पिल्लं मानमोडीत दोन दिवसांत जातात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीची चौकशी अंडी लावतानाच करून ठेवा, कारण कुपीत बऱ्याच पिल्लांचा डोस असतो आणि शेजाऱ्यांची पिल्लं मिळूनच ती पुरेपूर वापरली जाते.

कोल्हापुरात पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथे मोठ्या प्रमाणावर चालतं तेही हेच काम: ऊब, ओलावा, फिरवणं, हवा. आकार मोठा, तत्त्व तेच.

बहिणीने ऑगस्टमध्ये पुन्हा अठरा अंडी लावली. या वेळी पाण्याचा ट्रे धुऊन पालथा घालून फडताळावर ठेवला होता आणि यंत्राशेजारी वजनकाटा होता. सातव्या दिवशी वजन जरा जास्तच भरलं, म्हणून हवेचं एक भोक आणखी उघडलं. चौदाव्या दिवशी आकडा जुळला. एकोणिसाव्या दिवशी तिने एक पसरट ताटली भरून आत ठेवली. चौदा पिल्लं निघाली. त्यातली सहा त्या रात्री सासूबाईंनी पदरात घालून गोठ्यात नेली. कोंबडीने मान वाकडी करून बघितलं, खुडखुडली आणि पंख उचलला.